कल्ला

हर्णैला जेटीकडे उतरणाऱ्या वाटेवर
आमचं कटलरीचं दुकान.
बांगड्या, रिबिनी, सेफ्टी पिना,
आणि काचेच्या कपाटात वरच्या खणात ती डबी,
सोनेरी झाकणाची.
माझा चुलत दीर दुबईच्या जहाजावर,
त्याच्या बॅगेतून यायच्या, डझनानं.
वर एक बाई, अर्धी सावळी अर्धी गोरी,
खाली परक्या लिपीतला मजकूर,
जो आम्ही नक्षी म्हणून पाहायचो.

हेमांगी पावसे पहिलं गिऱ्हाईक.
रोज चारला लिलावाच्या वाळूत उभी,
मावळतीचं ऊन थेट तोंडावर.
"पंधरा दिवसांत फरक," मी म्हटलं.
आणि फरक पडला.
खोटी निघाली असती
तर शिव्या घालून तिनं डबी फेकली असती, सुटली असती.
पण चेहरा उजळला,
हात तेवढे राहिले आपल्या मूळच्या रंगात,
जसे दुसऱ्याच कुणाचे.
मग तिची जाऊ आली. मग जावेची बहीण.
पाजपंढरीहून तिघी एका रिक्षात.
मी दिराला फोन केला, दोन डझन आण.

नारळी पुनवेला होड्या सुटल्या
तेव्हा हेमांगीच्या घोट्यावर पैंजणाचा वळ होता,
तो जाईना.
बोटानं दाबलं की खड्डा,
ओल्या वाळूत पडतो तसा,
पण वाळूतला भरून येतो.
लघवीला फेस.
दापोलीच्या डॉक्टरीणबाईंनी
खाण्यापिण्याचं आधी विचारलंच नाही,
विचारलं, तोंडाला काय लावतेस?

डबी घेऊन ती दुकानात आली. वाच म्हणाली.
सासरे घड्याळजी होते, त्यांचं भिंग काढलं.
मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ इंग्रजीही होती.
पाणी होतं. मेण होतं. सुगंध होता.
पारा कुठंच नव्हता.
तो तिच्या रिपोर्टात होता.

सातवीत असताना आमच्या वर्गात थर्मामीटर फुटला.
फरशीवर चांदीचे मणी धावले,
एकाला बोट लावावं तर दोन व्हायचे.
आम्ही पोरी हसत मागं मागं,
आणि खेडेकरबाई दारातून किंचाळल्या,
हात लावू नका कुणी!
तोच मी एकशेवीस रुपयांना विकला.
वर चेहऱ्याला रोज लाव म्हटलं, न चुकता, झोपताना.

हेमांगी रागावली नाही. रागावायला हवी होती.
भर लिलावात कल्ला उचलून
आत लाल पाहिल्याशिवाय
पापलेटला हात न लावणारी ही बाई
डबी फिरवून फिरवून बघत राहिली.
"हिला कल्ला कुठं असतो गो?"

उरल्या अकरा डब्या.
दीर फोन उचलत नाही.
समुद्रात टाकाव्यात तर तोच मासा पाटीत येणार.
काजूखाली पुराव्यात तर पलीकडं विहीर.
जाळायचं म्हटलं तर धूर कुणाच्या अंगणात?
बिलबुकांच्या खाली, खालच्या खणात आहेत.
खणाला कुलूप आहे.
किल्ली कुठं ठेवली ते रोज रात्री आठवून बघते.

परवा ती आली. पायाची सूज थोडी कमी,
तोंडाचा रंग परत येतोय, ठिकठिकाणी.
टिकलीचं पाकीट उचललं, उलटं केलं,
मागच्या गोंदाला नख लावून विचारलं,
"यात काय असतं?"

वीस वर्षं दुकान चालवते मी.
ठरलेली उत्तरं तोंडात असतात.
त्यातलं एकही आलं नाही.
मी माझ्याच कपाळावरची टिकली सोलली,
ती, जी दरवर्षी थोडी मोठी घ्यावी लागते.
खाली पांढरा गोल.
कोडासारखा, टिकलीच्या मापाचा,
नवऱ्यालाही अंधारातच माहीत असलेला.

हेमांगी वाकली.
लिलावात वाकते तशी, डोळे बारीक करून,
आणि बराच वेळ
भाव बोलली नाही.